प्रतिस्पर्धी कोण? : ज्युडिट पोल्गारच्या कारकिर्दीचा अर्थ



नोव्हेंबर १९८६ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघानं, म्हणजे फिडेनं, एक निर्णय घेतला. जगातल्या सगळ्या सक्रिय महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये सरसकट १०० गुण वाढवून द्यायचे, फक्त एक खेळाडू सोडून. ती खेळाडू म्हणजे बुडापेस्टची सतरा वर्षांची झुझा पोल्गार. तेव्हा महिलांच्या जागतिक क्रमवारीत ती पहिली होती. जानेवारी १९८७ ची यादी आली तेव्हा तिचं रेटिंग होतं तेवढंच राहिलं होतं, बाकीच्या सगळ्या शंभर गुणांनी वर सरकल्या होत्या आणि पहिलं स्थान तिच्या हातून गेलं होतं. हा अन्याय होता, असं अनेकांनी म्हटलं आणि त्यात तथ्य आहे. पण आज मला त्या निर्णयामागचं कारण तुमच्यापुढे ठेवायचं आहे. फिडेचं म्हणणं असं होतं, की महिला मुख्यतः महिलांच्याच स्पर्धांत खेळतात, त्यामुळे त्यांचं रेटिंग पुरुषांच्या रेटिंगशी जुळत नाही, ते खाली अडकून राहतं. झुझा मात्र सुरुवातीपासून पुरुषांशी खेळत आली, म्हणून तिचं रेटिंग खरं आहे, त्याला दुरुस्तीची गरज नाही. म्हणजे स्त्रियांना वेगळ्या वर्तुळात खेळवलं की त्यांच्या खेळाचं मोजमापच बिघडतं, हे खुद्द जागतिक संघटनेनं या निर्णयातून मान्य केलं होतं. वर्तुळ मात्र संघटनेनं तसंच ठेवलं, नुसते आकडे बदलले.

आजचा विषय आहे झुझाची धाकटी बहीण ज्युडिट पोल्गार. बुद्धिबळाच्या ज्ञात इतिहासातली ती सर्वांत बलवान स्त्री खेळाडू. पण तिच्या कारकिर्दीकडे मी मोठ्या बहिणीच्या या प्रसंगातून पाहणार आहे. ज्युडिटची गोष्ट एरवी तिच्या वडिलांपासून सुरू होते आणि बहुधा वडिलांपाशीच संपते. लास्लो पोल्गार हे शिक्षणाचा अभ्यास करणारे गृहस्थ. प्रतिभा जन्मजात नसते, ती घडवता येते, असं त्यांनी ठरवलं, आपल्या तीन मुलींवर तो प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात भर चुकीच्या जागी पडतो. घरात काय शिकवलं, यापेक्षा घराबाहेर कुणाशी खेळू दिलं, हा प्रश्न ज्युडिटच्या बाबतीत अधिक निर्णायक ठरला, असं माझं म्हणणं आहे. ते आज पुराव्यानिशी मांडायचा प्रयत्न करतो.

घराचा भाग थोडक्यात सांगायला हवा. लास्लो आणि क्लारा या ज्यू दाम्पत्याला तीन मुली. झुझा १९६९ ची, झोफिया १९७४ ची आणि ज्युडिट २३ जुलै १९७६ ची. क्लारा शिक्षिका होत्या. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं दोघांनी ठरवलं. समाजवादी हंगेरीत ही गोष्ट सोपी नव्हती, त्यासाठी अधिकाऱ्यांशी झगडावं लागलं. मासिकांतून कापलेले डाव कार्डांवर लावून त्यांचा प्रचंड संग्रह घरातच उभा केला होता. भाषा, गणित, टेबल टेनिस हे सगळं होतं, पण मध्यभागी पट होता. झुझानं चौथ्या वर्षीच बुडापेस्टची अकरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा दहापैकी दहा गुण मिळवून जिंकली. लास्लोंनी आपल्या पद्धतीवर १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या पालकांना एक नमुना मिळाला.

माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. हंगेरीच्या बुद्धिबळ संघटनेला झुझा महिलांच्या स्पर्धांत हवी होती, कारण तिथे देशाला पदकं मिळाली असती. घरच्यांचं म्हणणं, ती सर्वांत बलवान प्रतिस्पर्ध्यांशी खेळेल आणि ते प्रतिस्पर्धी पुरुष आहेत. या भांडणात काही काळ पश्चिमेकडच्या स्पर्धांचे दरवाजे तिला बंद झाले. १९८६ मध्ये पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या चक्रात पात्र ठरणारी ती पहिली स्त्री झाली, पण केवळ स्त्री म्हणून तिला पुढे खेळू दिलं नाही. ही अट पुढे फिडेनं काढून टाकली. जानेवारी १९९१ मध्ये झुझा ग्रँडमास्टर झाली. पुरुषांना लागणारे सगळे नॉर्म, म्हणजे स्पर्धांतल्या कामगिरीचे ठरलेले निकष, आणि रेटिंग मिळवून हा किताब घेणारी ती पहिली स्त्री. तिच्याआधी नोना गाप्रिन्दाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या दोघींना तो मिळाला होता, पण नेहमीच्या वाटेनं नव्हे. मोठ्या बहिणीनं ज्या भिंतींवर डोकं आपटलं, त्या धाकटी खेळायला आली तेव्हा बऱ्याच पडलेल्या होत्या. ज्युडिटच्या यशाचा हिशेब मांडताना लोक वडिलांचं नाव घेतात, बहिणीचं फारसं घेत नाहीत, हे मला खटकतं.

ज्युडिट नऊ वर्षांची असताना न्यूयॉर्क ओपनमध्ये बिगररेटिंग गटात पहिली आली. १९८८ मध्ये रुमानियातल्या टिमिशोआराला ती बारा वर्षांखालील जागतिक विजेती झाली. ही मुलग्यांची स्पर्धा होती. त्याच वर्षी थेसालोनिकीच्या ऑलिंपियाडमध्ये तिन्ही बहिणी आणि इल्दिको मादल अशा चौघींच्या हंगेरी संघानं महिलांचं सुवर्ण जिंकलं. सोव्हिएत संघ उतरला की सुवर्ण त्याचंच, असं तोवर मानलं जात होतं. ज्युडिटनं तिथे तेरापैकी साडेबारा गुण केले. जानेवारी १९८९ ची रेटिंग यादी निघाली तेव्हा ती १२ वर्षांची होती. रेटिंग २५५५, महिलांत पहिली, विद्यमान महिला विश्वविजेतीच्या ३५ गुण पुढे आणि स्त्री-पुरुष धरून जगात पंचावन्नावी. त्या दिवसापासून २०१४ च्या ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर करेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, महिलांच्या क्रमवारीत ती कधी दुसरी झाली नाही. आणि एवढा काळ अव्वल असूनही महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी ती एकदाही खेळली नाही. १९९० मध्ये नोवी सादला हंगेरीनं पुन्हा सुवर्ण जिंकल्यावर महिलांच्या ऑलिंपियाडकडेही तिनं पाठ फिरवली. पुढे ती हंगेरीच्या मुख्य संघात बसली. २००२ मध्ये ब्लेडला आणि २०१४ मध्ये ट्रॉम्सोला त्या संघाला रौप्य मिळालं, तेव्हा ती त्या संघात होती.

डिसेंबर १९९१ मध्ये तिनं हंगेरीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि ती ग्रँडमास्टर झाली. वय १५ वर्षं, ४ महिने, २८ दिवस. बॉबी फिशरचा १९५८ पासूनचा विक्रम त्यामुळे मोडला. हा विक्रम तिनं कुठे केला तेही पाहायला हवं. हंगेरी म्हणजे मारोत्सी, साबो, पोर्टिश अशा दिग्गज बुद्धिबळपटूंचा देश. त्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष ग्रँडमास्टरांना मागे टाकून ती पहिली आली होती. १९९३ मध्ये बुडापेस्टला झालेल्या सामन्यात माजी विश्वविजेत्या बोरिस स्पास्कीला तिनं साडेपाच विरुद्ध साडेचार असं हरवलं.

आता १९९४ च्या लिनारेसचा एक प्रसंग जरा जवळून पाहू. लिनारेस ही त्या काळातली सर्वांत कठीण साखळी स्पर्धा. ज्युडिट १७ वर्षांची, अशा पातळीवर पहिल्यांदाच आलेली. समोर गॅरी कास्पारोव्ह, जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. छत्तिसाव्या चालीला कास्पारोव्हनं आपला घोडा उचलून एका घरात ठेवला, बोटं सुटली, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की समोरच्या उंटाच्या एका चालीनं आपलं नुकसान होणार. त्यानं घोडा पुन्हा धरला आणि दुसऱ्या घरात नेला. सोंगटी हातातून सुटली की चाल पूर्ण झाली, हा बुद्धिबळाचा पहिला नियम आहे. ज्युडिटनं पंचांकडे पाहिलं, पण तक्रार केली नाही. डाव ती हरली. पुढे स्पॅनिश दूरचित्रवाणीच्या चित्रफितीत दिसलं, की घोडा क्षणाच्या एका अंशापुरता, साधारण पाव सेकंद, खरोखरच सुटला होता. तिनं तक्रार का केली नाही, हे समजण्यासारखं आहे. एवढ्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा बोलावलेली सतरा वर्षांची मुलगी विश्वविजेत्यावर बोट उगारते आणि पुरावा हातात नाही, या परिस्थितीत चूक तिचीच ठरण्याचा धोका होता. बलवानांच्या वर्तुळात शिरण्याची ही किंमत होती. महिलांच्या स्पर्धेत तिला ती द्यावी लागली नसती. आणि त्या स्पर्धांतून तिला जे मिळालं, तेही महिलांच्या स्पर्धेत मिळालं नसतं. त्याच १९९४ मध्ये माद्रिदच्या बलाढ्य स्पर्धेत ती पहिली आली. जानेवारी १९९६ मध्ये ती जगातली दहावी खेळाडू होती.

श्रोतेहो, रेटिंग ही निरपेक्ष संख्या नाही. आपण कुणाशी खेळलो आणि काय निकाल लागला यावरून ती ठरते. एका तालमीतले पैलवान वर्षानुवर्षं आपसातच लढत राहिले तर त्यांच्यात पहिला कोण हे कळेल, पण खासबागेच्या मैदानात ते किती वेळ टिकतील हे कळणार नाही. १९८६ ची ती शंभर गुणांची दुरुस्ती म्हणजे हा हिशेब बाहेरून जुळवण्याची खटपट होती. इथे कुणी म्हणेल, मोजमाप बिघडणं वेगळं आणि खेळ खुंटणं वेगळं, एकावरून दुसरं सिद्ध होत नाही. हे बरोबर आहे. म्हणून मला दुसरा पुरावा द्यावा लागेल आणि तो ज्युडिटच्या डावांतच आहे.

सुरुवातीच्या ज्युडिटची ओळख हल्लेखोर खेळाडू अशी होती. १९९९ मध्ये स्पेनमधल्या दोस एर्मानासला तिनं आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध सिसिलियन बचावात खेळलेला डाव त्या शैलीचा नमुना आहे. सुरुवातीलाच तिनं घोडा प्याद्याच्या तोंडी दिला, राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलली आणि आनंदसारख्या चपळ बचावपटूला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. नुसत्या हल्ल्यावर माणूस जगातला दहावा होऊ शकतो, पण त्या जागी टिकत नाही. तिची वाढ दिसते ती ९ सप्टेंबर २००२ रोजी मॉस्कोत, रशिया विरुद्ध उर्वरित जग या जलद सामन्यात. समोर पुन्हा कास्पारोव्ह. त्यानं बर्लिन बचाव निवडला, म्हणजे दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये क्राम्निकनं त्याचाच विश्वविजेतेपदाचा मुकुट ज्या बचावाच्या जोरावर काढून घेतला तोच. या बचावात आठव्या चालीलाच वजिरावजिरी होते, काळ्याच्या राजाला किल्लेकोट करता येत नाही आणि पुढचा सगळा खेळ वजिराविना, शांत, सूक्ष्म असा चालतो. हल्लेखोर खेळाडूला इथे हल्ल्याला काहीच सापडत नाही, अशी त्याची ख्याती. ज्युडिटनं घाई केली नाही. मधल्या उभ्या पट्टीवर हत्ती आणून त्या अडकलेल्या राजाभोवतीचा फास एकेका चालीनं आवळला आणि बेचाळीस चालींत कास्पारोव्हनं डाव सोडला. सातव्या-आठव्या वर्षी शिकलेल्या युक्त्यांतून हा डाव येत नाही. वर्षानुवर्षं जगातल्या पहिल्या वीस जणांकडून मार खाल्ल्यावर तो येतो. २००३ मध्ये वाइक आन झीला ती एकही डाव न हरता आनंदच्या मागोमाग, अवघ्या अर्ध्या गुणानं, दुसरी आली. २००५ च्या जुलैत तिचं रेटिंग २७३५ झालं आणि ती जगात आठवी होती. २७०० ची रेषा ओलांडणारी ती आजवरची एकमेव स्त्री आहे.

पहिला आक्षेप लगेच येतो. हे सगळं वडिलांच्या प्रयोगाचं फळ आहे किंवा तिच्या जन्मजात प्रतिभेचं, तुम्ही उगाच प्रतिस्पर्ध्यांना श्रेय देता. या आक्षेपाची दोन टोकं एकमेकांविरुद्ध आहेत, पण दोघांनाही एकाच उत्तरानं सामोरं जाता येतं, कारण त्या घरात मुली तीन होत्या. झोफियानं १९८९ मध्ये रोममधल्या स्पर्धेत ग्रँडमास्टरांना ओळीनं हरवत नऊपैकी साडेआठ गुण केले. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बुद्धिबळाच्या इतिहासातल्या सर्वांत अचाट कामगिऱ्यांत ती मोजली जाते. पुढे ती इंटरनॅशनल मास्टरच्या पुढे गेली नाही, हळूहळू खेळातून बाजूला झाली. झुझा ग्रँडमास्टर झाली आणि १९९६ मध्ये स्पेनमधल्या हाएनला शे जुनला हरवून महिला विश्वविजेती झाली. ज्युडिट लहानपणी हळू शिकणारी होती पण कष्टाळू होती, असं झुझानंच पुढे सांगितलं आहे. घर तेच, वडील तेच, कार्डांचा संग्रह तोच. मग फरक कशानं पडला? मला दिसतं ते इतकंच, की सगळ्यांत वरच्या पातळीच्या स्पर्धा सर्वांत लहान वयापासून, सर्वांत सलगपणे आणि सर्वांत जास्त काळ ज्युडिट खेळली. तीन बहिणींवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. स्वभाव, जिद्द, आवड यांचा वाटा मी नाकारत नाही. लास्लोंच्या प्रयोगालाही तुलनेसाठी दुसरं कुटुंब नव्हतं, त्यामुळे त्यांचा निष्कर्षही तितकाच अपुरा आहे. पण केवळ घरच्या पद्धतीनं सगळं घडलं असतं तर तिघींच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या नसत्या, एवढं नक्की म्हणता येतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एवढं करून ती विश्वविजेती झाली का? २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या सान लुईसला जागतिक अजिंक्यपदासाठी आठ जणांची दुहेरी साखळी स्पर्धा झाली. अशा अंतिम टप्प्यात खेळणारी ती पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री. तोपालोव्ह दहा गुणांसह विजेता झाला आणि ज्युडिट चौदापैकी साडेचार गुणांवर शेवटची आली. कास्पारोव्हविरुद्धचा तिचा एकूण हिशेबही तोट्याचाच आहे. ही माहिती दडवून तिचं कौतुक करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण सान लुईसचा निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. २००४ च्या उन्हाळ्यात तिचा मुलगा जन्मला आणि त्या सुमारास ती जवळजवळ वर्षभर खेळापासून दूर होती. आणि आठ जणांत शेवटची येण्यासाठी आधी त्या आठ जणांत असावं लागतं. तिथून ती परतही आली. मुलगी झाली त्याच वर्षी, २००६ मध्ये, होगेवेनला तिनं क्रमवारीत अव्वल असलेल्या तोपालोव्हला दोन्ही डावांत हरवलं. २०११ मध्ये युरोपियन अजिंक्यपदात तिला कांस्य मिळालं, आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात कार्याकिनला बाद करत ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. स्त्री विश्वविजेती होऊ शकते हे तिनं सिद्ध केलं, असा माझा दावा नाही. वेगळ्या वर्तुळात राहिलेल्या खेळाडूंना जी उंची दिसलीसुद्धा नाही तिथे ती पंधरा-वीस वर्षं वावरली, एवढाच दावा आहे.

तिसरा आक्षेप म्हणजे एका ज्युडिटवरून काय ठरणार? २७०० च्या वर एकटीच गेली, याचाच अर्थ ती अपवाद आहे. या प्रश्नावर जर्मनीतल्या खेळाडूंच्या रेटिंगचा एक संख्याशास्त्रीय अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पुरुष खेळाडू स्त्रियांच्या सुमारे सोळापट होते. अव्वल शंभर पुरुष आणि अव्वल शंभर स्त्रिया यांच्यातल्या तफावतीपैकी ९६ टक्के तफावत केवळ या संख्येच्या फरकानं समजावता येते, असं संशोधकांना आढळलं. मोठ्या समूहाचं टोक आपोआप वर जातं. या अभ्यासावरही टीका झाली आणि ती चर्चा संपलेली नाही, म्हणून मी त्यावर सगळा भार टाकत नाही. तरी त्यातून एक प्रश्न उभा राहतो. जगात ग्रँडमास्टर दोन हजारांच्या आसपास आणि त्यांत स्त्रिया चाळीसहून थोड्या अधिक. आधीच थोड्या असलेल्या मुलींना वेगळं काढून आपसात खेळवलं तर त्यांच्यातल्या सर्वोत्तम मुलीला सर्वोत्तम प्रतिस्पर्धी मिळणार कुठून? आणि अपवादांकडे नीट पाहिलं तर तेही एकाच दिशेला बोट दाखवतात. चीनची हो यिफान २६८६ पर्यंत पोचली आणि पुढे महिला विश्वविजेतेपदाच्या चक्रातून स्वतःहून बाहेर पडली. आपली कोनेरू हम्पी १९९९ मध्ये अहमदाबादला मुलग्यांच्या गटात खेळून बारा वर्षांखालील आशियाई विजेती झाली होती. २००२ मध्ये सर्वांत लहान वयाच्या महिला ग्रँडमास्टरचा ज्युडिटचा विक्रम मोडला तो याच हम्पीनं.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. त्याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी आहे असं मी म्हणणार नाही. महिलांच्या स्पर्धा बंद केल्या तर बहुसंख्य मुलींना बक्षीस नाही, प्रवासखर्च नाही, नाव नाही, आणि पालक त्यांना खेळातूनच काढतील. शिवाय जिथे सगळ्या टेबलांवर मुलगे आणि पुरुष आहेत अशा खोलीत एकट्या मुलीला जे सोसावं लागतं ते लहान नाही. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच महिलांच्या स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. त्या स्पर्धांमुळे दार उघडतं. माझा विरोध आहे तो त्या स्पर्धांनाच छत मानण्याला. किताबांचं उदाहरण घ्या. ग्रँडमास्टरला २५०० रेटिंग लागतं, इंटरनॅशनल मास्टरला २४००, आणि वुमन ग्रँडमास्टरला २३००. म्हणजे नावात ग्रँडमास्टर आहे, पण पातळी इंटरनॅशनल मास्टरच्याही खाली. बारा वर्षांच्या हुशार मुलीला प्रशिक्षक जेव्हा सांगतो की तुझं ध्येय वुमन ग्रँडमास्टर, तेव्हा तिच्या शेजारी बसून तेवढंच चांगलं खेळणाऱ्या मुलग्यापेक्षा दोनशे गुण खालचं ध्येय तो तिला देत असतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि म्हणूनच ते सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा प्रश्न फक्त हंगेरीचा नाही, तो आपल्या दारातलाही आहे. ज्या १९७६ साली ज्युडिट जन्मली त्याच साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर भारताच्या पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात उतरली आणि तिथे खेळणारी पहिली स्त्री ठरली. तिनं तिथे नामवंत पुरुष खेळाडूंना हरवलं. मुलीनं पुरुषांच्या स्पर्धेत खेळावं का, यावर केवढा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निकाल दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन खाडिलकर भगिनींनी महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण रोहिणीबाईंनी १९७६ मध्ये जे केलं ते त्या अजिंक्यपदांहून मोठं होतं असं मला वाटतं, आणि बुडापेस्टच्या तीन बहिणींच्या लढाईच्या कितीतरी आधी ते मुंबईच्या मुलीनं केलं, हे आपल्या क्रीडा-इतिहासात ठसठशीतपणे लिहिलं जायला हवं.

अलीकडचं उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचं. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती संघात होती, आणि आपल्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही तिनं मिळवलं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून ती विजेती झाली आणि नियमाप्रमाणे थेट ग्रँडमास्टर झाली. इथे कुणी मला विचारेल, महिलांच्या स्पर्धेतूनच तर ती ग्रँडमास्टर झाली, मग तुमचं म्हणणं कुठे राहिलं? त्याचं उत्तर दिव्याच्या पुढच्या पावलात आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत समरकंदला ग्रँड स्विस झाली. तिथे महिलांचा वेगळा विभाग होता, तरी ती खुल्या विभागात खेळली. विश्वविजेत्या गुकेशबरोबरचा डाव तिनं बरोबरीत सोडवला. महिलांच्या स्पर्धेतून मिळालेली संधी खुल्या गटात जाण्यासाठी वापरायची, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

ज्युडिट निवृत्तीनंतर हंगेरीच्या पुरुष संघाची कर्णधार झाली, शाळांत बुद्धिबळ शिकवण्याचा कार्यक्रम तिनं उभा केला, आणि महिलांच्या वेगळ्या किताबांची गरज आता उरलेली नाही, असं ती जाहीरपणे सांगत आली आहे. तिच्या या मताशी तुम्ही सहमत व्हा अथवा होऊ नका. पण या सभागृहात पालक आहेत, प्रशिक्षक आहेत, जिल्हा संघटनांचे पदाधिकारीही असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. सांगली असो, नाशिक असो, नागपूर असो, स्पर्धा घेताना मुलींचं वेगळं बक्षीस जरूर ठेवा, मुलींना सुरक्षित आणि सन्मानानं खेळता येईल अशी खोली ठेवा, पण त्यांना आपसात खेळवून घरी पाठवू नका. त्यांना त्या गावातल्या सर्वांत बलवान खेळाडूसमोर बसवा, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि पालकहो, पुढच्या स्पर्धेचा अर्ज भराल तेव्हा गटाच्या रकान्यात मुलीच्या नावापुढे 'खुला' असं लिहा. ते लिहिण्याचा हक्क रोहिणी खाडिलकरांनी तिला १९७६ मध्येच मिळवून दिला आहे.